धरण भरलेलं, तरी नळाला तिसऱ्या दिवशी पाणी का?

पावसाळा संपता संपता धरण शंभर टक्के भरल्याची बातमी येते आणि त्याच आठवड्यात नगरपरिषदेची रिक्षा भोंगा लावून गल्लीतून फिरते: 'तांत्रिक कारणामुळे उद्या पाणीपुरवठा होणार नाही.' लोक चिडतात, आणि त्यांचं चिडणं रास्त आहे. पण धरणातलं पाणी आणि नळातलं पाणी यांच्यामध्ये एक पंप, आठेक किलोमीटरचा पाइप, एक शुद्धीकरण केंद्र, दोन-चार टाक्या, काही डझन वॉल (पाणी सोडायच्या-अडवायच्या झडपा) आणि नगरपरिषदेचं एक सभागृह असतं. यातलं कुठलंही एक अडलं की भरल्या धरणाचा उपयोग फक्त फोटो काढण्यापुरता उरतो.

हे नीट कळण्यासाठी एक नमुन्याचं शहर घेऊ. वस्ती ४० हजार. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ नुसार लोकसंख्या १ लाखाच्या वर गेली की 'अ' वर्ग, ४० हजारांच्या वर ते १ लाखापर्यंत 'ब' वर्ग आणि ४० हजारांपर्यंत 'क' वर्ग. म्हणजे आपलं शहर 'क' वर्गातलं. (काही हजार वस्तीची माथेरान, पन्हाळ्यासारखी ठिकाणंही नगरपरिषदाच आहेत, पण ती गिरिस्थानं म्हणून.) घरं अंदाजे ८ हजार, आणि प्रत्येक घराला एक नळ असं धरू. पुढचे सगळे आकडे याच नमुन्याचे आहेत. आपल्या गावाचे आकडे टाकून हाच हिशेब कुणालाही करता येईल.

भुयारी गटार असलेल्या शहरासाठी माणशी रोज १३५ लिटर हे आपल्याकडचं नेहमीचं प्रमाण. ४० हजार गुणिले १३५ म्हणजे ५४ लाख लिटर. हा आकडा किती मोठा, हे समजायला २०१६ आठवा. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी नेलं, तेव्हा पहिल्या गाडीत १० वाघिणी मिळून ५ लाख लिटर पाणी होतं. देशभर गाजलेली ती अख्खी गाडी आपल्या ४० हजारांच्या गावाला सव्वादोन तास पुरली असती.

पाणी कुठे कुठे कमी होतं

नदीकाठच्या जॅकवेलवर, म्हणजे नदीचं पाणी उचलायच्या विहिरीवर, १०० अश्वशक्तीचा पंप आहे आणि तो तासाला २ लाख २० हजार लिटर पाणी उचलतो. तो २३ तास चालला तर ५० लाख लिटर मिळतील, म्हणजे कागदावर गाव जवळजवळ सुखी. प्रत्यक्षात तो १६ तास चालतो. उरलेले तास वीज जाण्यात, कमी दाबात, मोटार तापण्यात आणि वीज आल्यावर पुन्हा सुरळीत होण्यात जातात. अर्धा तास वीज गेली म्हणजे अर्ध्या तासाचंच पाणी गेलं, असा सर्वसाधारण समज आहे, तो चुकीचा आहे. जॅकवेलपासून केंद्रापर्यंतचा ३०० मिलिमीटर व्यासाचा ८ किलोमीटर पाइप, ज्याला खात्यात रायझिंग मेन म्हणतात, त्याच्या पोटात साडेपाच लाख लिटरहून जास्त पाणी मावतं. पंपापाशी उलटं पाणी अडवणारा नॉन-रिटर्न वॉल गळका असेल, तर वीज गेल्यावर हे पाणी हळूहळू नदीत परत जातं. वीज आली की आधी पाइप भरायचा, त्यातच अडीच तास जातात, आणि मग कुठे केंद्रात पहिला थेंब पडतो. घाई केली तर आणखी वाईट. पंपचालकानं पंपापुढचा डिलिव्हरी वॉल एकदम उघडला किंवा चढावरच्या टोकाचे, पाइपातली हवा बाहेर सोडणारे एअर वॉल गंजून बसलेले असले, तर अडकलेली हवा आणि पाण्याचा धक्का मिळून पाइपचा कमकुवत जोड फोडतात. वृत्तपत्रात 'जलवाहिनी फुटली' म्हणून येतं, त्यातल्या काही फुटी वीज परत आल्यावरच्या असतात. पंपासाठी वेगळा एक्स्प्रेस फीडर (फक्त पंपापुरती थेट वीजवाहिनी), चालू स्थितीतला नॉन-रिटर्न वॉल आणि दर सहा महिन्यांनी उघडून साफ केलेले एअर वॉल, हे तीन उपाय नव्या धरणापेक्षा फार स्वस्त आहेत. पण त्यांचं उद्घाटन करता येत नाही.

तर १६ तासांत ३५ लाख लिटर केंद्रात आलं. तिथून घरांपर्यंत जाताना ४० टक्के गळतीत जातं असं धरू. चांगल्या व्यवस्थेत हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आत हवं, पण जुन्या एसी (अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटच्या) आणि बिडाच्या पाइपांवर चालणाऱ्या गावात ४० टक्के ऐकून कुणी खुर्चीतून उठत नाही. मोठी फूट लगेच दिसते आणि दुरुस्त होते. खरं नुकसान करतात ती बारीक छिद्रं. २० मीटर दाबाखाली, म्हणजे पाणी २० मीटर वर चढवेल एवढ्या दाबाखाली, ३ मिलिमीटरच्या छिद्रातून तासाला ३०० लिटर पाणी जातं. हे पाणी वर येत नाही, काळ्या मातीत किंवा शेजारच्या गटारात जिरतं. त्यामुळे तक्रार येत नाही, आणि तक्रार आली नाही की खड्डाही खणला जात नाही.

उरले २१ लाख लिटर. माणशी ५२ लिटर.

आता वाटप. गावाचे पाच झोन आहेत, एकेका झोनमध्ये १,६०० नळ. एका घराला पाच माणसांसाठी ६७५ लिटर द्यायचे तर एका झोनला १० लाख ८० हजार लिटर लागतात, म्हणजे साधारण १० लाख लिटरची उंच टाकी एकदा पूर्ण रिकामी करावी लागते. २१ लाख लिटरमध्ये टाकी दिवसातून दोनदा भरते. दिवसाला दोन झोन, पाच झोनांना अडीच दिवस, आणि मधे एखादी फूट किंवा वीजबंदी धरली की तिसरा दिवस. नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येण्यामागचं गणित एवढंच आहे. यात धरणाचा आकडा एकदाही आला नाही, हे लक्षात घ्या.

वॉलमनची चावी

टाकी भरली की वॉलमन लांब दांड्याची टी आकाराची चावी घेऊन रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उघडतो आणि झोनचा स्लुइस वॉल फिरवतो. किती आटे फिरवायचे हे बहुतेक वेळा कुठे लिहिलेलं नसतं, ते त्याच्या हाताला माहीत असतं. खालच्या गल्लीचा वॉल पूर्ण उघडला तर चढावरच्या गल्लीत पाणी चढत नाही, म्हणून खालचा सहा आटे, वरचा पूर्ण, असं त्याचं स्वतःचं शास्त्र असतं. तो रजेवर गेला आणि बदली माणूस आला की दोन दिवस तक्रारींचा पाऊस पडतो. ज्या परिषदांनी प्रत्येक वॉलचा क्रमांक, आट्यांची संख्या आणि वेळ वहीत उतरवून घेतली आहे, तिथे ही अडचण बरीच कमी होते. एका शंभर पानी वहीचं काम आहे.

वॉल सुटला की टाकीजवळच्या घरांना आधी आणि जोरात पाणी मिळतं. तीन दिवसांनी येणारं पाणी म्हणून प्रत्येक जण तीन दिवसांचं भरून घेतो: जमिनीखालची टाकी, गच्चीवरची टाकी, पिंप, बादल्या. ६७५ लिटरच्या हिशेबानं सोडलेल्या पाण्यातले दीड हजार लिटर पहिलंच घर ओढतं. त्यात कुणी नळाला थेट टुल्लू (पाणी खेचणारी छोटी मोटार) लावला की पाइपातला दाब आणखी घटतो, आणि शेवटच्या गल्लीतल्या नळातून नुसती हवा फुसफुसते. एकमजली घरापर्यंत पाणी स्वतःच्या जोरावर पोचायला पाइपात ७ मीटर दाब शिल्लक राहावा लागतो, दुमजलीला १२ मीटर. टुल्लू सुरू झाले की शेवटच्या गल्लीत हे मीटर एक-दोनवर येतात. मग तिथले लोकही टुल्लू घेतात. त्यांना तरी दोष कसा द्यायचा?

टुल्लूचा याहून गंभीर तोटा आरोग्याचा आहे. वितरणाचा पाइप सतत भरलेला असला तर आतलं पाणी छिद्रातून बाहेर ढकललं जातं. तो रिकामा असला किंवा मोटारीनं ओढला जात असला तर छिद्रातून बाहेरचं आत येतं. घराच्या नळाची अर्ध्या इंचाची जोडणी गटार ओलांडून जाते आणि तिथेच ती गंजते. वॉल बंद असताना गटारातलं पाणी त्या पाइपात शिरतं, आणि वॉल सुटल्यावर पहिल्या पाच मिनिटांत तुमच्या पिंपात येतं. काविळीची आणि गॅस्ट्रोची साथ एका ठराविक गल्लीतच का पसरते, याचं कारण बहुतेक वेळा असाच एखादा गटारातला जोड असतो.

केंद्रात काय चालतं

शुद्धीकरण केंद्राबद्दल लोकांना फार कुतूहल नसतं, कारण ते गावाबाहेर असतं. काम मात्र रोजचं आणि नेमकं आहे. नदीचं पाणी आधी कारंज्यासारख्या पायऱ्यांवरून खेळवतात, मग त्यात तुरटीचं द्रावण मिसळतात. तुरटीमुळे मातीचे बारीक कण एकमेकांना धरून गुठळ्या होतात आणि मोठ्या गोल टाकीत तळाशी बसतात. वरचं निवळ पाणी वाळूच्या गाळणीतून जातं आणि शेवटी क्लोरीन.

किती तुरटी, हे दर पावसाच्या सरीला बदलतं. त्यासाठी जार टेस्ट करतात: एक-एक लिटरच्या सहा भांड्यांत नदीचं पाणी घ्यायचं, प्रत्येकात वेगवेगळी तुरटी टाकायची, मिनिटभर जोरात आणि पंधरा-वीस मिनिटं हळू ढवळायचं, अर्धा तास ठेवायचं. ज्या भांड्यात सगळ्यांत कमी तुरटीत पाणी निवळलं ते त्या दिवसाचं प्रमाण. उन्हाळ्यात ते लिटरला १५ मिलिग्रॅम असेल तर आपल्या ३५ लाख लिटरला रोज ५२-५३ किलो तुरटी लागते. पहिल्या पुरात ५० मिलिग्रॅमवर गेलं तर १७५ किलो. जून-जुलैत गढूळ पाणी येण्याचं एक कारण इथे आहे. साठा उन्हाळ्याच्या हिशेबानं घेतलेला असतो, वार्षिक दरकरार ३१ मार्चला संपलेला असतो आणि नव्या निविदेची फाइल अजून टेबलावर असते.

गाळणी धुण्यालाही असाच हात लागतो. वाळूत गाळ साचून पाणी उतरेनासं झालं की खालून हवा आणि पाणी उलट सोडून ती धुवावी लागते, साधारण दिवसातून एकदा, दहा-पंधरा मिनिटं. धुण्यात पाणी जातं म्हणून टाळाटाळ केली की वाळूत चिखलाचे गोळे बनतात, पाणी त्यांच्या बाजूनं वाट काढतं आणि गाळणी नावापुरती उरते.

क्लोरीन लिटरला २ मिलिग्रॅम धरलं तर रोज ७ किलो वायू, किंवा ३० टक्के ताकदीची ब्लीचिंग पावडर २३ किलो. पावडरची ताकद उघड्या पोत्यात, दमट खोलीत झपाट्यानं उतरते. तीन महिने पडून राहिलेली पावडर वजनानं २३ किलोच भरते, पण तिच्यात क्लोरीन निम्माही उरला नसेल. म्हणून वजनाच्या नोंदीपेक्षा नळावरची चाचणी महत्त्वाची. केंद्रातला क्लोरीन वाटेत खर्च होत जातो, तरी शेवटच्या नळावर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवा. खात्यात याला ओटी टेस्ट म्हणतात: काचेच्या नळीत नळाचं पाणी, त्यात द्रावणाचे थेंब, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. आता बऱ्याच ठिकाणी गुलाबी रंग देणारी डीपीडी चाचणी वापरतात, ती जास्त भरवशाची आहे. ही चाचणी टाकीखालच्या नळावर घेतली तर ती कायम उत्तम येते. घ्यायची असते शेवटच्या गल्लीत.

हजार लिटरचे वीस रुपये

नदी आणि केंद्र यांच्या उंचीतला फरक ५६ मीटर आणि पाइपातल्या घर्षणाचे २४ मीटर, मिळून पंपाला ८० मीटर चढवावं लागतं. पंप आणि मोटार मिळून कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर हजार लिटर पाणी वर न्यायला एक-तृतीयांश युनिट वीज लागते. ३५ लाख लिटरला रोज १,१८० युनिट. सगळे आकार धरून युनिट ८ रुपयांना पडलं तर दिवसाला साडेनऊ हजार आणि वर्षाला ३४ लाख रुपये. यातलं ४० टक्के पाणी गळतीत जातं, म्हणजे जवळपास १४ लाखांची वीज मातीत पाणी जिरवण्यासाठी वापरली जाते. गळती शोधायला पैसे नाहीत असं म्हणणाऱ्यासमोर हा आकडा ठेवावा.

वीज, तुरटी, क्लोरीन, पंपचालक-वॉलमन यांचे पगार आणि दुरुस्ती मिळून वर्षाचा खर्च दीड कोटी धरू. घरात पोचलेल्या पाण्यावर तो पसरला तर हजार लिटरला साधारण २० रुपये पडतात. जारवाल्याकडे तेवढ्यात वीसच लिटर मिळतं, तेही मिळालं तर. आता जमा बघा. पाणीपट्टी वर्षाला नळामागे १,८०० रुपये, ८ हजार नळांची मागणी १ कोटी ४४ लाख. वसुली ६० टक्के झाली तर हातात ८६ लाख. तूट ६४ लाख.

ही तूट कशातून भरायची? पूर्वी नगरपरिषदांना जकात होती, रोजचा रोख पैसा. १९९९ मध्ये नगरपरिषदांमधली जकात गेली आणि तिच्या बदल्यात राज्याचं सहायक अनुदान आलं. ते मुख्यतः पगारात जातं. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेला होता, पण त्यातून पाइप घेता येतो, थकलेलं वीजबिल सहसा भागत नाही. मोठी योजना केंद्र सरकारच्या अमृत किंवा राज्याच्या नगरोत्थानसारख्या कार्यक्रमातून होते, तिच्यात परिषदेला स्वतःचा वाटा भरावा लागतो. खरी स्वतःची कमाई उरते ती घरपट्टी, पाणीपट्टी आणि गाळ्यांचं भाडं.

घरपट्टीचं गणित पुष्कळांना गूढ वाटतं, ते तसं नाही. भाडेमूल्याची पद्धत असेल तिथे ६०० चौरस फुटांचं घर, भाडं चौरस फुटाला महिना २ रुपये धरलं, तर वर्षाचं भाडेमूल्य १४,४०० रुपये. दुरुस्तीपोटी १० टक्के वजा, उरले १२,९६०. त्यावर परिषदेनं ठरवलेला दर, समजा २२ टक्के, म्हणजे २,८५१ रुपये. याशिवाय बिलात शिक्षण कर दिसतो आणि दुकान असेल तर रोजगार हमी कर. हे दोन्ही राज्याचे, परिषद फक्त गोळा करून भरते. बिल थकलं की दरमहा २ टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला २४ टक्के. बँकेचं कर्ज याहून स्वस्त. फेरमूल्यांकन दर चार वर्षांनी होतं. त्या वेळी येणाऱ्या नोटिशीत हरकतीची मुदत दिलेली असते. क्षेत्रफळ चुकलं असेल, पडक्या खोलीवर कर लागला असेल, तर बोलायची जागा तीच. मुदत संपल्यावर काउंटरवर भांडून क्लार्कला काहीच करता येत नाही.

मीटर आणि टप्प्यांचा दर लावला की चित्र बदलतं, याचं जवळचं उदाहरण कराडला लागून असलेलं मलकापूर. कोयनेच्या पाण्यावर तिथे चोवीस तास पाणी द्यायची योजना झाली, प्रत्येक नळाला मीटर बसला आणि जितका वापर जास्त तितका दर चढत जाणारा ठेवला. पाणी कधीही मिळणार असेल तर कुणी पिंपं भरून ठेवत नाही, आणि पाइप सतत दाबाखाली असल्यानं गटाराचं पाणी आत शिरत नाही. तिसऱ्या दिवसाच्या गावात मात्र मीटर लावायचा प्रस्ताव आला की 'आधी पाणी द्या, मग मीटर लावा' असं उत्तर मिळतं. लोकांचं म्हणणं समजण्यासारखं आहे. रिकाम्या पाइपातली हवासुद्धा मीटर फिरवते, हेही खरंच.

पाइप बदलायचा ठरल्यावर

मुख्य रस्त्याखालचा १,२०० मीटर जुना एसी पाइप बदलायचा आहे असं समजा. पाणीपुरवठा अभियंता टिपणी लिहितो, दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक करतो. त्याला तांत्रिक मान्यता लागते, रकमेप्रमाणे ती परिषदेचा अभियंता देतो किंवा महाराष्ट्र जीवन प्राधिकरणासारखी यंत्रणा. मग विषय सभेच्या विषयपत्रिकेवर येतो. सूचक, अनुमोदक, 'सर्वानुमते मंजूर', आणि ठरावाला क्रमांक मिळतो. ही झाली प्रशासकीय मान्यता. पुढे ई-निविदा, तांत्रिक लिफाफा, दराचा लिफाफा, स्थायी समितीची मंजुरी, सुरक्षा ठेव, करारनामा, कार्यादेश. काम झालं की मोजमाप पुस्तकात, ज्याला सगळे एमबी म्हणतात, लांबी-खोली नोंदवायची आणि त्यावरून बिल निघतं. सगळं सुरळीत गेलं तरी चार-सहा महिने, आणि मधे आचारसंहिता लागली तर तेवढे आणखी.

इथे नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी यांच्यातला फरक माहीत असलेला बरा. सभा काय करायचं ते ठरवते, नगराध्यक्ष सभा चालवतात. मुख्याधिकारी हा राज्य सरकारचा अधिकारी, अंमलबजावणी आणि पैशाची जबाबदारी त्याची. ठराव बेकायदेशीर किंवा लोकहिताला बाधक वाटला तर जिल्हाधिकारी कलम ३०८ खाली त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. गावात 'तीनशे आठ लावलं' असं ऐकू येतं ते हेच. पाइप मध्यरात्री फुटला तर अर्थातच सभेची वाट बघत नाहीत. कलम ५८ खाली नगराध्यक्ष तातडीचं काम करायला सांगू शकतात आणि पुढच्या सभेला त्याची माहिती देतात. ही सोय फुटलेल्या पाइपासाठी आहे. दर महिन्याला तुरटी याच कलमाखाली घेतली जात असेल, तर दरकरार का केला नाही हे विचारायला हरकत नाही.

सगळ्यांत महागडी चूक मात्र क्रमाची असते. रस्ता एका निधीतून, पाइप दुसऱ्या निधीतून. रस्त्याचा निधी मार्चअखेर खर्च करायचाच असतो म्हणून काँक्रीट आधी होतं, वर्षभरानं पाइपाची मंजुरी येते आणि नवा रस्ता मधोमध कापला जातो. विषयपत्रिकेवर रस्त्याचा विषय आला की 'याच्या खालचा पाइप किती वर्षांचा आहे?' हा एक प्रश्न नगरसेवकानं विचारला तर लाखो रुपये वाचतात.

तक्रार करताना

'पाणी येत नाही' एवढ्या तक्रारीवर कुणी कामाला लागू शकत नाही, कारण त्याची चार वेगळी कारणं असतात. शेजारी जोरात येतं आणि तुमच्याकडेच नाही, तर मुख्य पाइपावरचा तुमचा फेरूल (जिथून तुमच्या नळाची जोडणी निघते तो जोड) तुंबला आहे. ते काम नळजोडणीवाला प्लंबर तासाभरात करतो. सगळी गल्ली कोरडी आणि मागची गल्ली चालू, तर मधला वॉल अर्धवट उघडलाय किंवा त्याची आतली पाकळी तुटून पडली आहे. दांडा फिरतो, पाणी सुटत नाही. सगळ्या झोनला कमी दाब, तर टाकी भरलीच नव्हती. आणि फक्त उंचावरच्या चार घरांना नाही, तर खालचे टुल्लू बघा.

म्हणून सांगताना तारीख, वॉल कधी सुटला, पाणी किती मिनिटांनी आलं, शेजारी काय स्थिती, एवढं सांगावं. गढूळ पाण्याचंही तसंच. दिवसभर, सगळ्या गावात गढूळ असेल तर दोष केंद्रात आहे. पहिली पाच-सात मिनिटं गढूळ, नंतर स्वच्छ, आणि फक्त तुमच्याच गल्लीत, तर पाइप जवळपास कुठेतरी फुटलेला आहे. त्याला गटाराचा वास असेल तर उकळून पिण्याच्या फंदातही पडू नका, ते पाणी भरूच नका आणि लगेच कळवा.

अशी तक्रार आली की अनुभवी माणूस सरळ गटार आणि पाइप जिथे एकमेकांना ओलांडतात तिथे जातो. गल्लीचा वॉल बंद करायचा, गटाराचं पाणी बांध घालून वळवायचं, जोडण्या एकेक करून उघड्या करायच्या. गंजलेला तुकडा कापून नवा टाकायचा, तो गटाराच्या वरून किंवा मोठ्या पाइपाच्या आवरणातून न्यायचा. मग पाइपात जास्त क्लोरीनचं पाणी भरून काही तास ठेवायचं, शेवटच्या टोकाचा वॉश-आउट (पाइप रिकामा करायचा वॉल) उघडून ते सोडून द्यायचं आणि शेवटच्या नळावर चाचणी घ्यायची. त्या नळावर ०.२ मिलिग्रॅम दिसेपर्यंत आणि जिवाणूंच्या तपासणीचा नमुना स्वच्छ येईपर्यंत गल्लीला टँकर द्यायचा, वॉल बंदच ठेवायचा.